फ्रेंच वाक्प्रचारांची वही

वयाची पन्नाशी उलटल्यावर परकी भाषा शिकण्याचा उपद्व्याप कशाला, असे आम्हाला घरच्यांनी विचारले होते. कारण घरातलेच होते. आमची पुतणी व्रतस्थ जीवन स्वीकारून फ्रान्समधील एका मठात गेली आणि दोनतीन वर्षांतच तिच्या पत्रांतील मराठीत फ्रेंच शब्द डोकावू लागले. पोर पैलतीरी पोहोचली आणि आपण ऐलतीरावर उभे राहून नुसते हात हलवीत आहोत, अशी काहीशी आमची भावना झाली. तेव्हा आम्ही मुंबईत संध्याकाळच्या वर्गात नाव घातले.

क्रियापदे पाठ झाली, लिंगभेदाशी झटापट झाली. पण वर्तमानपत्र हाती घेतले की गाडी अडे. प्रत्येक शब्द ओळखीचा आणि वाक्य मात्र अनोळखी! ‘तो सफरचंदांत पडला’ म्हणजे त्याला घेरी आली. ‘तिने त्याला ससा ठेवला’ म्हणजे भेटीची वेळ ठरवून ती आलीच नाही. ‘कोंबड्यांना दात येतील तेव्हा’ म्हणजे कधीच नाही. अशा प्रयोगांसाठी आम्ही एक वेगळी वही घातली. तिची निम्मी पाने भरतात न भरतात तोच एक गोष्ट ध्यानात आली आणि तीच येथे वाचकांपुढे ठेवायची आहे. ससे, कोंबड्या आणि सफरचंदे थोडी होती. वहीत गर्दी झाली होती ती संतांची, घंटांची, भिक्षूंची आणि उपवासाची.

त्याची सुरुवात एका लहानशा अपमानाने झाली. जमिनीच्या कुठल्याशा संशयास्पद व्यवहाराची बातमी आम्ही वर्गात वाचत होतो. आमच्या शिक्षिका फ्रान्समधल्या, ब्रिटनीकडील खेड्यात वाढलेल्या. त्या सहज म्हणाल्या, ‘स ने पा त्रे कातोलिक.’ अर्थ, ‘हे काही फारसे कॅथलिक नाही.’ वर्गात कॅथलिक काय ते आम्हीच. आमच्या भुवया वर गेलेल्या पाहून बाई हसल्या आणि म्हणाल्या की ज्या व्यवहारात काळेबेरे आहे, जो सरळ नाही, त्याला फ्रान्समध्ये असेच म्हणतात. म्हणणारा नास्तिक असला तरीही! आमचा राग निवळला, किंबहुना थोडा अभिमानही वाटला. कॅथलिक म्हणजे सरळ, चोख, विश्वासार्ह. याहून मोठे प्रशस्तिपत्र ते कोणते?

घरी येऊन इतिहास चाळला आणि तो अभिमान ओसरला. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये कॅथलिक आणि ह्युगनो, म्हणजे तेथील प्रॉटेस्टंट, यांच्यात १५६२ ते १५९८ अशी छत्तीस वर्षे धर्मयुद्धे चालली. २४ ऑगस्ट १५७२ च्या पहाटे, संत बार्थोलोम्यूच्या सणादिवशी, पॅरिसमध्ये ह्युगनोंच्या कत्तलीस आरंभ झाला. ज्या देशात शेजारी कॅथलिक आहे की नाही यावर त्याचे जीवित अवलंबून होते, त्या देशात ‘कॅथलिक नाही’ याचा अर्थ ‘भरवशाचा नाही’ असा व्हावा, यात नवल नाही. पण आम्ही या देशात अल्पसंख्य म्हणून राहतो. बहुसंख्याकांच्या बोलण्यात एखाद्या जमातीचे नाव संशयाला पर्याय म्हणून वापरले जाते तेव्हा काय वाटते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. तो वाक्प्रचार आम्ही वहीत उतरवला. वर्गाबाहेर मात्र आजवर वापरलेला नाही.

अशा वह्या ठेवणारे आम्ही काही पहिले नव्हे. इंग्लंडमधील बरी सेंट एडमंड्स या मठाच्या गावी १३९६ मध्ये एका इंग्रजाने आपल्या देशबांधवांसाठी फ्रेंच संभाषणांचे पुस्तक रचले. पांथस्थाने खाणावळीत काय बोलावे, वाट कशी विचारावी, अशा रोजच्या बोलण्याचे नमुने त्यात होते. पुढे १६४० मध्ये आंत्वान उदँ या राजाच्या दुभाष्याने फ्रेंच भाषेतील चमत्कारिक प्रयोगांचा एक कोशच पॅरिसमध्ये प्रसिद्ध केला. कोणता प्रयोग प्रतिष्ठितांपुढे चालेल आणि कोणता हलका, याच्या खुणाही त्याने जागोजागी करून ठेवल्या. कार्डिनल रिशेल्यू यांनी १६३५ साली स्थापिलेल्या फ्रेंच अकादमीचा कोश बाहेर पडायला १६९४ उजाडले. पंडितांआधी दुभाषी पोहोचला होता. परक्याला अडचण व्याकरणाची नसते, ती वाक्प्रचाराची असते, हे दुभाष्याला ठाऊक असणारच.

आता वहीकडे वळू.

फ्रान्समधील शेतकऱ्याचे वर्ष संतांच्या सणांनी मोजले जात असे. खंड आणि भाडेपट्टे बहुधा संत मार्टिनच्या दिवशी, ११ नोव्हेंबरला चुकते होत. त्या सुमारास थंडीत मध्येच दोनचार उबदार दिवस येतात. त्यांना आजही ‘संत मार्टिनचा उन्हाळा’ म्हणतात. मे महिन्याच्या ११, १२ आणि १३ या तारखांचे संत मामेर, पँक्रास आणि सर्वेशियस हे ‘बर्फाचे संत’. ते पार पडेपर्यंत टोमॅटोची रोपे उघड्यावर लावू नयेत, असे तिकडचा बागवान आजही सांगतो. यातील संत मामेर हे व्हिएन शहराचे पाचव्या शतकातील बिशप. पिकासाठी प्रार्थना करीत शेतांतून निघणाऱ्या मिरवणुकांची प्रथा त्यांनीच घातली.

हे सारे संत एकदा कायद्याने हद्दपार झाले होते. क्रांतिकारकांनी ऑक्टोबर १७९३ मध्ये नवे पंचांग लागू केले. महिने तीस दिवसांचे, आठवडा दहा दिवसांचा, रविवार रद्द. प्रत्येक दिवसाला संताऐवजी एखादे झाड, भाजी, जनावर किंवा अवजार यांचे नाव. कोणाच्या वाट्याला भोपळा आला, कोणाच्या वाट्याला नांगर! विश्रांतीचा दिवस सातव्याऐवजी दहाव्या दिवशी येऊ लागल्याने कष्टकऱ्याला काय वाटले असेल, याची कल्पना करावी. १ जानेवारी १८०६ पासून नेपोलियनने हे पंचांग गुंडाळून ठेवले. तेरा वर्षेही ते टिकले नाही.

विशेष हे की, ज्या सामान्य माणसाला संत सोडायचे नव्हते, त्याने गरजेप्रमाणे नवे संत घडवलेही. त्यासाठी ना रोमची परवानगी, ना चमत्कारांची चौकशी. ‘सँत तूश’ ही त्यांतली एक. ‘तूशे’ म्हणजे पैसे हाती पडणे. म्हणून कामगारांच्या बोलीत पगाराचा दिवस म्हणजे संत तूशबाईंचा सण. दुसरे ‘सँ लँदी’, अर्थात संत सोमवार. एकोणिसाव्या शतकातील पॅरिसचा कारागीर रविवारची नशा उतरेना म्हणून सोमवारीही कामावर जात नसे. म्हणजे तो संत सोमवारचा सण पाळी. तिसरे ‘सँ ग्लँग्लँ’. यांचा सण पंचांगात कुठेच नाही. म्हणून ‘सँ ग्लँग्लँच्या दिवशी पैसे देतो’ असे कोणी म्हटले की त्या पैशांवर पाणी सोडावे. अभ्यासक सांगतात की येथे मुळात संत नव्हताच. घंटेला जुना शब्द होता ‘सँ’. त्याचा उच्चार संतवाचक शब्दासारखाच. ‘ग्लँगे’ म्हणजे पूर्वेकडील बोलीत वाजणे. घंटेचा संत झाला तो असा, कानाच्या चुकीने.

कधीच न येणाऱ्या दिवसासाठी आणखी एक प्रयोग आहे : ‘पास्काला, नाहीतर त्रैक्याच्या रविवारी’. मालब्रु नावाच्या लढवय्याविषयीच्या जुन्या लोकगीतामुळे तो घरोघर पोहोचला. पास्कापासून पवित्र त्रैक्याचा रविवार आठ आठवड्यांवर असतो. देणेकऱ्याला तेवढी सवड पुरेशी असते; तोवर घेणेकरी विसरतो किंवा थकतो.

उपवासकाळाने दिलेले शब्द आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना विशेष रुचतील. ‘उपवासकाळातल्या मार्चसारखा आला’ म्हणजे चुकता न आला. कारण पास्काचा सण कधीही पडो, उपवासकाळात मार्चचे काही दिवस सापडतातच. याच्याच जवळचा दुसरा प्रयोग, ‘उपवासकाळातल्या मारेसारखा आला’. ‘मारे’ म्हणजे भरती आणि समुद्राची ताजी मासळीही. याचा अर्थ अगदी हव्या त्या घडीला आला. मांस वर्ज्य असलेल्या दिवसांत पॅरिससारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहराला ताजी मासळी म्हणजे देवदूतच. उत्तरेच्या किनाऱ्यावरून मासळीच्या गाड्या रातोरात घोडे बदलत बाजाराकडे धावत. त्या वेळेवर न पोहोचल्या तर काय होई, याचे एक दारुण उदाहरण इतिहासात आहे. २४ एप्रिल १६७१ रोजी शाँतियी येथे राजपुत्र काँदे यांच्या घरी चौदावा लुई पाहुणा होता. पास्काचा सण होऊन गेला होता, पण वार शुक्रवार होता. मेजवानीची व्यवस्था पाहणारा व्हातेल पहाटेपासून मासळीची वाट पाहत होता. थोडीशीच आली. आता अब्रू गेली असे समजून त्याने खोलीत जाऊन तलवारीवर देह टाकला. त्यानंतर थोड्याच वेळात चहूकडून मासळीच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. मादाम द सेविन्ये यांनी आपल्या पत्रातून ही हकिगत मुलीला कळवली. मासळीच्या धंद्यातील आमच्या बांधवांना उशिरा आलेल्या गाडीचे दुःख ठाऊक आहे. पण व्हातेलने केले ते कोणी करू नये.

‘ला क्रुआ ए ला बानियेर’, म्हणजे ‘क्रूस आणि पताका’, हा आमचा आवडता. पूर्वी गावात कोणी थोर पाहुणा आला की क्रूस आणि पताका घेऊन मिरवणुकीने त्याला सामोरे जात. त्या समारंभाची यातायात एवढी की पुढे कोणत्याही जिकिरीच्या कामाला तेच नाव पडले. आज फ्रेंच आई म्हणते, ‘याला सूप प्यायला लावायचे म्हणजे क्रूस आणि पताका!’ सणाच्या मिरवणुकीत पताका कोणी धरायची यावरून होणारे रुसवेफुगवे ज्यांनी आपल्या धर्मग्रामात पाहिले आहेत, त्यांना हा वाक्प्रचार समजावून सांगण्याची गरज नाही.

वहीतील ज्या नोंदीपाशी आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो, ती मात्र वेगळी आहे. एखादे काम वर्षानुवर्षे, निमूटपणे, बारीकसारीक तपशील जुळवीत केले असेल तर फ्रेंच माणूस म्हणतो, ‘त्राव्हाय द बेनेदिक्तँ’ : बेनेडिक्टाइन भिक्षूचे काम. यामागे सतराव्या शतकात उदयास आलेला संत मोर यांच्या नावाचा बेनेडिक्टाइन मठसंघ आहे. पॅरिसमधील सँ-जेर्में-दे-प्रे हा त्यांचा मोठा मठ. तेथील भिक्षूंनी देशभरच्या मठांतून जुनी दानपत्रे आणि हस्तलिखिते गोळा केली, पडताळली, छापली. दों माबियों यांनी १६८१ मध्ये अस्सल दस्तऐवज आणि बनावट दस्तऐवज कसा ओळखावा याचे शास्त्रच लिहून काढले. आजचा इतिहाससंशोधक जुना कागद तपासतो तेव्हा तो, ठाऊक असो वा नसो, त्यांच्याच वाटेने चालत असतो. १७३३ पासून या संघाने फ्रेंच साहित्याचा सविस्तर इतिहास खंडशः प्रसिद्ध करायला घेतला.

२ नोव्हेंबर १७८९ रोजी चर्चची मालमत्ता राष्ट्राची झाली. १३ फेब्रुवारी १७९० रोजी मठवासीयांची व्रते कायद्याने रद्द झाली. संघ संपला. त्याचे शेवटचे प्रमुख दों आंब्रुआझ शव्रो यांना पॅरिसमधील कार्मेलाइट मठात कैद करून ठेवले होते. तेथेच २ सप्टेंबर १७९२ रोजी इतर अनेक धर्मगुरूंसमवेत त्यांना ठार मारण्यात आले. १९२६ साली त्या सप्टेंबरच्या १९१ हुतात्म्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले, त्यांत तेही आहेत. आणि साहित्याच्या इतिहासाचे अर्धवट राहिलेले खंड? ते काम पुढे राष्ट्राच्या विद्वत्परिषदेने हाती घेतले. भिक्षू नाहीसे झाले, त्यांचे काम सरकारने चालवले आणि त्या कामाला लोक नाव देत राहिले ते भिक्षूंचेच. पुतणीला आम्ही हे कळवले तेव्हा तिने उलट टपाली लिहिले की तिच्या मठाच्या ग्रंथालयात यादी करायला आलेल्या एका तरुण, अश्रद्ध बाईंच्या तोंडी दिवसातून दोनदा हा शब्द असतो.

भाषेने धर्मसंस्थेचा केवळ गौरवच केला असे मात्र कोणी समजू नये. ‘मठाधिपतीची वाट भिक्षू पाहतात तशी वाट पाहणे’ म्हणजे वाट न पाहता सरळ जेवायला बसणे! ‘याला कुमसाराशिवायच ख्रिस्तप्रसाद द्यावा’ हे ज्याच्या चेहऱ्यावर निरागसता ओसंडून वाहते त्याच्याविषयी म्हणतात आणि म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा त्या निरागसतेविषयी शंका असते. आपापले घोडे पुढे दामटणाऱ्याला ‘आपल्या धर्मग्रामासाठी प्रवचन देतो’ असा टोमणा मिळतो. गावापुरते पाहणाऱ्या कोत्या वृत्तीला ‘घंटाघराची वृत्ती’ म्हणतात. हे आम्हाला झोंबले आणि ते झोंबणे योग्यच होते.

शपथा आणि शिव्या यांचाही एक धर्मेतिहास आहे. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा. शिवाय चौदाव्या लुईने १६६६ मध्ये ईशनिंदेविरुद्ध कडक फर्मान काढले होते. पण रागावलेल्या जिभेला आवरणार कोण? तिने ‘दिय’, म्हणजे देव, या शब्दाच्या जागी ‘ब्ल’, म्हणजे निळा, हा शब्द घातला आणि ‘पारदिय’चे ‘पारब्ल’ झाले. चौथ्या हेन्रीला ‘मी देवाला नाकारतो’ अशा अर्थाची शपथ वाहायची खोड होती. त्याचे कुमसार ऐकणारे येशूसंघीय फादर कोतों यांनी सुचवले, असे सांगतात, की महाराज, नाकारायचेच असेल तर देवाऐवजी मला नाकारावे. तेव्हापासून राजा ‘जार्निकोतों’ म्हणू लागला. धर्मगुरूने लोकांचे पाप अंगावर घेण्याचा याहून स्वस्त मार्ग नसेल. अटलांटिकपलीकडे क्वेबेकमध्ये मात्र वेदीवरील पवित्र पात्रांची नावेच शिव्या होऊन बसली आहेत. ज्या प्रदेशात १९६० च्या दशकापर्यंत शाळा आणि रुग्णालये बव्हंशी चर्चच्या हाती होती, तेथील लोकांनी आपला राग कोणत्या शब्दांतून काढला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ते शब्द आम्ही येथे देत नाही.

वाक्प्रचार शिकणाऱ्याने एक पथ्य पाळावे. गोड गोष्ट सांगितली की तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नये. ‘तीर-लारिगो पिणे’ म्हणजे मनसोक्त पिणे. याची कथा अशी सांगतात की रुआँचे आर्चबिशप उद रिगो यांनी तेराव्या शतकात कथीड्रलला एवढी जड घंटा दिली की ती ओढणाऱ्यांना ढोसल्याशिवाय भागेना. कथा झकास आहे. पण जाणकार ती मानीत नाहीत. लारिगो ही एक लहान बासरी होती. ‘पॅरिससाठी एक मिस्सा काही महाग नाही’ हे चौथ्या हेन्रीचे म्हणून सर्वत्र सांगितले जाणारे वाक्य तो बोलल्याचा त्याच्या काळचा पुरावा नाही. २५ जुलै १५९३ रोजी सँ-दनी येथे त्याने कॅथलिक धर्म स्वीकारला, एवढे निश्चित. याउलट ‘मी त्यासाठी हात विस्तवात घालीन’ हा प्रयोग खरोखरीच्या अग्निदिव्याची आठवण आहे. अशा दिव्यांत धर्मगुरूंनी भाग घेऊ नये, असे चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ मध्येच बजावले. चर्चने हात काढून घेतला त्याला आठशे वर्षे होऊन गेली. भाषेने अजून काढलेला नाही.

९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने फ्रान्समध्ये चर्च आणि शासन विभक्त झाले. त्याआधी बांधलेली कथीड्रल्स सरकारच्या आणि गावोगावची चर्चे नगरपालिकांच्या मालकीची आहेत. आमच्या शिक्षिकाबाईंच्या गावात आता महिन्यातून एकदाच मिस्सा होते, कारण एका धर्मगुरूकडे कितीतरी गावे आहेत. बाई स्वतः चर्चला जात नाहीत. तरी ‘कोणत्या संताचा धावा करावा कळेना’ हे त्या दिवसातून एकदा तरी म्हणत. आम्ही त्यांना विचारले, ‘बाई, संतांवर श्रद्धा नाही आणि धावा कसा करता?’ त्या म्हणाल्या, ‘मग काय म्हणू? दुसरे शब्द माझ्यापाशी नाहीत.’

प्रश्न विचारताना आम्ही स्वतःला विसरलो होतो. आमच्या घरात नव्या कामाचा ‘श्रीगणेशा’ होतो, भांडखोर माणूस ‘शिमगा’ करतो आणि नगरपालिकेचा कारभार ‘रामभरोसे’ चालतो. हे शब्द वापरताना आम्ही काही विचार करीत नाही. मराठी बोलायचे तर ते येतातच. फ्रान्सहून आलेले येशूसंघीय एतियेन द ला क्रुआ यांनी १६२९ साली गोव्यात संत पेत्राच्या चरित्रावर मराठी पद्यपुराण छापले. फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणानंतर तेरा वर्षांनी. फ्रेंच मातृभाषेच्या त्या गृहस्थाला मराठी वाक्प्रचारांची केवढी वही घालावी लागली असेल!

बोलीत संत उरले म्हणून श्रद्धा उरली, असे समाधान आम्ही मानीत नाही. पुस्तकात जपलेल्या फुलाला वास नसतो. पण १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी नोत्र-दाम जळताना नदीकाठी गुडघे टेकून स्तोत्रे म्हणणारी तरुण मुले आम्ही दूरचित्रवाणीवर पाहिली आणि त्यांना ते शब्द कोठून आठवले असतील, याचा बराच वेळ विचार करीत बसलो.

वही आता भरत आली आहे. तिची प्रत पुतणीला हवी आहे. मठातील भगिनींना वाचून दाखवायची, असे ती म्हणते. कधी पाठवाल, असे तिने गेल्या महिन्यात विचारले. आम्ही ऐटीत लिहिले, ‘पास्काला, नाहीतर त्रैक्याच्या रविवारी.’ तिचे एका ओळीचे उत्तर आले : ‘काका, म्हणजे सँ ग्लँग्लँच्या दिवशी!’